पाव इंची रायफलची गोळी कशी निवडतात? हँडलोडिंगचं गणित, आणि वाटूरच्या शिवारातला कायदा

रील्सचा अल्गोरिदम विचित्र असतो. एकदा बीजीएमआयमधल्या स्नायपरचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, की दोन दिवसांत अमेरिकेतला कुणीतरी दाढीवाला माणूस टेबलावर पितळी पुंगळ्या मांडून "डिअर सीझनसाठी माझी भरणी" सांगायला लागतो. आमच्या वाटूरच्या पोरांच्या ग्रुपवर असे व्हिडिओ बऱ्याचदा येतात, आणि खाली प्रश्न ठरलेला असतो: "हे सामान इकडं मागवता येतं का? सोयाबीनमध्ये हरणं लई झालीत." प्रश्नाचे दोन भाग आहेत. एक तांत्रिक, तो खरंच मजेदार आहे. दुसरा कायद्याचा, त्यात मजा काहीच नाही. दोन्ही बघू.

आधी शब्द नीट करू

गेममध्ये आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. खरं तर बंदुकीत भरतो ते काडतूस. त्याचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. हे चार भाग वेगवेगळे घेऊन स्वतः काडतूस बांधणं म्हणजे हँडलोडिंग.

पाव इंची म्हणजे इंग्रजीत ज्याला क्वार्टर बोअर म्हणतात ते. नाव पाव इंच, पण गोळीचा खरा व्यास ०.२५७ इंच, म्हणजे सुमारे ६.५ मिलिमीटर. या घराण्यातली प्रसिद्ध काडतुसं तीन-चार. १९१५ चं .२५० सॅव्हेज, चार्ल्स न्यूटनने बनवलेलं. ८७ ग्रेनची गोळी सेकंदाला ३००० फूट वेगाने जाते, अशी त्याची जाहिरात होती, म्हणून त्याला .२५०-३००० असंही म्हणत. मग १९३४ चं .२५७ रॉबर्ट्स. आणि १९६९ मध्ये रेमिंग्टनने बाजारात आणलेलं .२५-०६, जे मोठ्या .३०-०६ काडतुसाची मान आवळून बनतं. ग्रेन हे वजनाचं जुनं माप आहे: १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. ११७ ग्रेनची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, दोन रुपयांच्या दोन नाण्यांपेक्षाही हलकी.

भोवऱ्याचा हिशेब

गोळी निवडताना पहिला प्रश्न वजनाचा नसतो, नळीचा असतो. रायफलच्या नळीत आतून नागमोडी खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, आणि फिरणारी गोळी भोवऱ्यासारखी तोल धरून जाते. किती इंचांत एक पूर्ण फेरा, याला ट्विस्ट म्हणतात. .२५-०६ मध्ये सहसा १० इंचांत एक फेरा असतो. वेग सेकंदाला ३००० फूट, म्हणजे ३६,००० इंच. भागिले १०. सेकंदाला ३६०० फेरे, मिनिटाला २,१६,०००! घरचा मिक्सर मिनिटाला १८-२० हजार फेऱ्यांवर किंचाळतो.

आता गंमत बघा. गोळीचा व्यास ठरलेला आहे, म्हणून वजन वाढवायचं तर ती लांबच करावी लागते. आणि गोळी जितकी लांब, तितकी तिला स्थिर राहायला फिरकी जास्त लागते. जुन्या .२५० सॅव्हेजच्या नळ्यांत १४ इंचांत एक फेरा होता. ८७ ग्रेनला तो पुरायचा, १०० ग्रेनच्या लांब गोळ्यांना कमी पडायचा, त्या हवेत डगमगायच्या. म्हणजे जड गोळी चांगली की हलकी, हा प्रश्न नळी न बघता विचारणं म्हणजे फोनचा पोर्ट न बघता चार्जर विचारण्यासारखं आहे.

वजन आणि पोट

या बोअरमध्ये ७५ पासून १२० ग्रेनपर्यंत गोळ्या सहज मिळतात, अलीकडे त्याहून जडही निघाल्या आहेत. वजनाला व्यासाच्या वर्गाने भागलं की सेक्शनल डेन्सिटी नावाचा आकडा येतो. १०० ग्रेनला ०.२१६, १२० ग्रेनला ०.२६०. खिळा आठवा: जाडी तीच, पण लांब आणि जड खिळा आत जास्त जातो. ७५ ते ८७ ग्रेनच्या बऱ्याच गोळ्या पातळ कवचाच्या असतात. त्या लागताच फुटाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. हरणाएवढ्या जनावरावर त्या वरवरची मोठी जखम करतात आणि जनावर पळून जाऊन तासन् तास तडफडत मरतं. म्हणून तिकडचे जबाबदार शिकारी १०० ते १२० ग्रेनच्या मध्ये राहतात.

माझ्या मते वजनापेक्षा आतली रचना महत्त्वाची, आणि व्हिडिओवाले नेमकं तेच घाईत उरकतात. साध्या गोळीत तांब्याच्या कवचात शिसं असतं. जॉन नोस्लरने १९४० च्या दशकात मध्ये पडदा असलेली पार्टिशन गोळी आणली: पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहतो. काही गोळ्यांत शिसं कवचाला चिकटवलेलं असतं. काही पूर्ण तांब्याच्या असतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब, आणि परत तो ट्विस्टचा प्रश्न आलाच. तांब्याकडे वळायला कारणही आहे. शिशाचे बारीक तुकडे मांसात राहतात, ते खाऊन कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं विषबाधेने मरत होती. तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत.

भरणी: इथे चूक झाली तर बोटं जातात

कारखान्यात बनलेलं काडतूस हजारो रायफलींत चालावं म्हणून मधला मार्ग धरून बनवलेलं असतं. हँडलोड करणारा आपल्या एकाच नळीसाठी जुळवाजुळव करतो: दारू कोणती, किती, गोळी किती खोल बसवायची. .२५-०६ साठी अमेरिकी मानकाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा आहे ६३,००० पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३५ असते! हा स्फोट नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो. दारूचे प्रकार दिसायला सारखे पण जळायला हळू-जलद असतात, आणि एकाच्या जागी दुसरा पडला तर रायफल फाटू शकते. म्हणूनच इथे मी एकही माप देत नाही, आणि कमेंटमधून कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका.

मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. व्हिडिओत माणूस दहा वेगवेगळ्या भरण्या करतो, प्रत्येकीच्या तीन-तीन गोळ्या १०० यार्डांवर झाडतो, आणि ज्या तीन सर्वात जवळ पडल्या ती भरणी विजेती जाहीर करतो. समजा दहाही भरण्या अगदी सारख्याच आहेत आणि तीन गोळ्यांचा गट सरासरी १ इंचाचा येतो. तरी निव्वळ योगायोगाने एखादा गट अर्ध्या इंचाचा, एखादा दीड इंचाचा येणारच. दहांपैकी सर्वात लहान गट साधारण अर्ध्या इंचाच्या आसपास पडतो. तो काहीच सिद्ध करत नाही. तीच रायफल, तीच भरणी, फक्त तीनऐवजी दहा गोळ्या एका गटात मारल्या, तर सरासरी गट १ चा सुमारे १.६ इंच होतो. पटत नसेल तर फोनवरच्या पायथन अॅपमध्ये रँडम आकडे टाकून बघा, वीस ओळींचा कोड आहे. फोनचे बेंचमार्क एकदाच चालवून "हा फोन फास्ट" म्हणणारे यूट्यूबर हेच करतात.

स्पर्धेतले अव्वल नेमबाज हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतात. पॅरिसमध्ये २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, त्यात .२२ रिमफायर काडतूस असतं. ते घरी भरलं जात नाही. मग या खेळात काय करतात? एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जुळलेला लॉट साठवतात. भरणी बदलायची नाही, लॉट निवडायचा. भारतात राहून हा विषय कायदेशीरपणे हाताळायचा असेल तर रस्ता हाच: रायफल क्लब.

बॅलिस्टिक अॅपचा एक सापळा

११७ ग्रेनची गोळी सुमारे ९१० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाली तर ३०० मीटरवर पोचेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने ६५-७० सेंटिमीटर खाली येते. नेमका आकडा काढायला अॅप असतात, त्यांना हवेचा दाब लागतो. वेदर अॅपमधला दाब समुद्रसपाटीला जुळवलेला असतो. जालन्याची उंची साधारण ५०० मीटर, इथला खरा दाब त्यापेक्षा ५५ हेक्टोपास्कलने कमी. वेदर अॅपचा १०१० तसाच टाकला तर अॅपला हवा खरीपेक्षा सहा टक्के दाट वाटते. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर तो खरा दाब दाखवतो. ड्रोन उडवणाऱ्यांनाही हे उपयोगी.

आता वाटूरचं शिवार

आपल्याकडे ज्याला सर्रास हरीण म्हणतात ते बहुतेक काळवीट. अमेरिकी व्हिडिओतलं डिअर नव्हे, हा कुरंग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकार बंद आहे आणि काळवीट अनुसूची १ मध्ये. शिक्षा किमान ३ ते ७ वर्षे आणि वर किमान २५,००० रुपये दंड. कलम ११ मध्ये परवानगीची तरतूद आहे, पण ती वाचायला हवी. अनुसूची २ मधलं जनावर, म्हणजे रानडुक्कर किंवा रोही, उभ्या पिकाला धोकादायक ठरलं तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. अनुसूची १ ला पिकाचं नुकसान हे कारणच नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच.

सामान मागवण्याचं काय? शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही दारूगोळाच धरली आहेत. म्हणजे "नुसतं प्रेस मागवलं, गोळी नाही" ही पळवाट नाही. परदेशातून आणायला परवाना लागतो. विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. पार्सलवर नाव आणि मोबाइल नंबर ज्याचा, पहिला फोन त्यालाच येणार. ग्रुपवरच्या पोरांचं वय एकोणीस-वीस, पुढे पोलीस भरतीचे फॉर्म भरायचेत.

पिकाचं नुकसान मात्र खरं आहे, आणि त्यासाठी हातातला फोन कामाचा आहे. वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. घटनेपासून ३ दिवसांत कळवायचं, मग पंचनामा होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग सुरू करा, सकाळी पंजे-खुरांचे ठसे, खाल्लेली झाडं आणि मागे ओळखू येईल असा बांध किंवा विहीर एकाच फ्रेममध्ये घ्या. आणि हे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की तारीख-लोकेशनची आतली माहिती गळून जाते.