लांडग्याची पोरं

लहानपणी घरात मला ‘लांडगा’ म्हणायचे. त्यात राग नव्हता आणि फारसं कौतुकही नव्हतं. पंगत उठल्यावर एकटा जेवणारा, कुणी गालाला हात लावला की अंग चोरणारा, पाहुणे आले की मागच्या दारानं माळावर पळणारा मुलगा. त्याला दुसरं काय म्हणणार? आमचं गाव सोलापूरकडचं. तिथे लांडगा फक्त गोष्टीत नव्हता. रात्री तो मेंढवाड्यापाशी येऊन जायचा आणि सकाळी पारावर त्याची चर्चा व्हायची. नाव शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

मला ते नाव आवडायचं. नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा संध्याकाळी माळावर लांडगा दिसला होता. शंभरेक पावलांवर. थांबला, मान वळवून पाहिलं, आणि आपल्या वाटेनं दुडक्या चालीनं निघून गेला. ‘नमस्कार कर’ नाही, ‘इकडे बघून बोल’ नाही. इतकी सोपी भेट मला तोवर कुणाशी झाली नव्हती. त्यानंतर लांडग्यांबद्दल जे मिळेल ते वाचायचं वेड लागलं, ते आजतागायत आहे. (घरचे मान डोलावत असतील.)

2017 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं – ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. हातात नाव आल्यावर मी इतिहासात माझ्यासारखी माणसं शोधायला लागलो, आणि गंमत म्हणजे शोधता शोधता पुन्हा लांडग्यांपाशीच येऊन पोचलो. कारण हा शब्द जन्माला यायच्या आधी, न बोलणाऱ्या, नजर न देणाऱ्या काही मुलांसाठी आपल्याकडे एक उत्तर तयार होतं: याला लांडग्यांनी वाढवलंय.

ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. हाच विल्यम स्लीमन 1849 मध्ये लखनौला रेसिडेंट झाला. अवधच्या दौऱ्यात त्यानं अशा मुलांच्या हकिगती जमवल्या आणि 1852 मध्ये इंग्लंडात त्यांची छोटी पुस्तिका निघाली. किपलिंगचा मोगली आला तो त्यानंतर चाळीसेक वर्षांनी.

त्यातली एक हकिगत सुलतानपूरची. 1847च्या सुमारास गोमतीकाठी चंदौरजवळ एका घोडेस्वाराला लांडग्याची मादी, तिची तीन पिल्लं आणि त्यांच्याबरोबर हातापायांवर चालणारा एक मुलगा दिसला. बीळ खणून मुलाला धरलं. वय नऊ-दहाचं. पुढे तो कॅप्टन निकोलेट्स नावाच्या अधिकाऱ्याकडे आला आणि त्याच्या नोकरांत राहू लागला. तो बोलत नसे. कुणी त्याला हसताना पाहिलं नाही. माणसांपासून लांब राही. अंगावर कपडे ठेवत नसे. कडाक्याच्या थंडीत कापूस भरलेली रजई दिली, तर ती फाडून त्यातला कापूस भाकरीबरोबर खाऊन टाकली. त्याला एकच सोबती होता, गावातलं एक भटकं कुत्रं. ते येई आणि दोघं एका जागी जेवत. कुत्रं मुलाचं बरंचसं अन्न खातं म्हणून साहेबानं त्याला गोळी घातली. आणि नोंद अशी आहे की मुलाला कुत्रं गेल्याचं जराही काही वाटलेलं दिसलं नाही.

1850च्या ऑगस्टमध्ये मुलगा वारला. मरायच्या काही मिनिटं आधी त्यानं डोक्याला हात लावला, डोकं दुखतंय असं सांगितलं, पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. दोन-अडीच वर्षांत तो तेवढंच बोलला.

मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. कुत्र्याच्या वाक्यापाशी थांबलो आणि पुढे जाता येईना. त्याचं कारण घरच्या एका प्रसंगात आहे.

माझी आजी गेली तेव्हा मी अकरावीत होतो. शिवणीची टोचरी कड आणि खरखरीत चादर मला सहन होत नाही हे घरात सगळ्यात आधी तिला कळलं होतं, तेही कुठल्याही डॉक्टरशिवाय. तिनं जुन्या मऊ लुगड्यांची एक गोधडी मुद्दाम माझ्यासाठी शिवली होती. ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, सगळे रडत होते, आणि मी कोपऱ्यात बसून गोधडीवरचे टाके मोजत होतो. तेव्हा आत्या म्हणाली, “एवढा लाडका होता तिचा, पण बघा, डोळ्यात टिपूस नाही.” ती वाईट मनानं बोलली नाही. जे दिसलं ते बोलली. साहेबानंही जे दिसलं तेच सांगितलं असणार.

त्या रात्री मी टाके मोजत नसतो तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. आपण तोल जाताना कठडा धरतो, तसं मी मोजणं धरून ठेवलं होतं. पण हे बाहेरून कसं दिसणार? त्या सुलतानपूरच्या पोराचं कुत्रं मेलं तेव्हा त्यानं काय धरून ठेवलं होतं, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

असो. आता थोडं त्या मुलांबद्दल.

लांडग्यांनी खरंच त्यांना वाढवलं का? मला नाही वाटत. लांडग्याची पिल्लं जेमतेम दोन महिने अंगावर पितात, वर्षभरात शिकारीला जातात. तेवढ्या वेळात माणसाचं मूल धड चालतही नाही. शिवाय स्लीमनच्याच हकिगतीत एक गोष्ट सहज सांगून टाकलेली आहे. निकोलेट्सच्या मते त्या मुलाच्या आईबापांनी त्याला ओळखलं होतं. पण त्याला काही कळत नाही असं पाहून त्यांनी त्याला लोकांच्या दयेवर सोडून दिलं. अवधमध्ये लांडगे मुलं उचलून नेत, ही खरी भीती होती. त्या भीतीच्या आडोशाला ‘आमचं मूल असं का’ या प्रश्नाचं उत्तर बसवणं सोपं होतं.

1920 मध्ये मिदनापूरच्या एका पाद्र्यानं अमला आणि कमला या दोन मुलींना लांडग्यांच्या बिळातून काढल्याचं सांगितलं. त्या गोष्टीनं जगभर पुस्तकं भरली. अमला पुढच्याच वर्षी गेली, कमला 1929 मध्ये. ज्या रोजनिशीवर सगळं उभं होतं ती मुलींच्या मृत्यूनंतर लिहिली गेली, असा निष्कर्ष फ्रान्सच्या सर्ज अरोल यांनी 2007 मध्ये मांडला. पण त्याआधीच, 1959 मध्ये, अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइमनं लिहिलं होतं की अशी मुलं लांडग्यांची नाहीतच, त्यांची वर्णनं ऑटिस्टिक मुलांशी जुळतात. ऑटिझमची ओळख तेव्हा नवीच होती. लिओ कॅनरनं अकरा मुलांवरचा लेख 1943 मध्ये लिहिला होता.

हे वाचून मी खूश झालो. पण बेटेलहाइमनं एका हातानं लांडगीला सोडलं आणि दुसऱ्या हातानं आईला धरलं. मूल असं होतं ते आईच्या थंडपणामुळे, हे त्याचं म्हणणं. ते खोटं होतं. 1964 मध्येच बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. तरी कितीतरी वर्षं कितीतरी आया स्वतःला दोष देत राहिल्या. माझा कागद आला तेव्हा माझ्या आईनं पहिलं काय विचारलं असेल? “माझं काही चुकलं का रे?”

म्हणून मेलेल्या मुलांना आज माझ्या आजाराचं नाव चिकटवावंसं मला वाटत नाही. (आजार म्हणायचीही सवय सुटत नाही बघा.) त्या मुलांत कुणी आंधळं-बहिरं असेल, कुणी उपासमारीनं खंगलेलं, कुणी माझ्यासारखं. माझं नातं निदानाचं नाही. माझ्याकडे जसं पाहिलं गेलं तसंच त्यांच्याकडे पाहिलं गेलं, तेवढंच ते नातं आहे.

आणि लांडग्यांकडेही तसंच पाहिलं गेलं! 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास छापला. कोंडलेले लांडगे, पळायला जागा नाही, सतत भांडणं. त्यातून ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना पसरली, जो सगळ्यांना दाबून कळपावर राज्य करतो. डेव्हिड मेक यांनी 1970च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तीच मांडली. मग हेच मेक 1986 पासून कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समिअर बेटावर उन्हाळे काढू लागले आणि मोकळे लांडगे जवळून पाहू लागले. 1999 मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. ‘अल्फा’ म्हणजे नुसते आईबाप. पुढे त्यांनी आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाचा पिच्छा पुरवला. स्वतःची चूक इतक्या निष्ठेनं निस्तरणारा माणूस मला देवासारखा वाटतो.

एकट्या लांडग्याचंही तसंच. आपण त्याला माणूसघाणा समजतो. खरं तर तो बहुतेक वेळा वयात आलेला पोर असतो, घर सोडून जोडीदार आणि जागा शोधत निघालेला. एकटा दिसतो, पण सोबतीच्याच वाटेवर असतो.

यावरून सिकंदऱ्याची गोष्ट आठवते. आग्र्याजवळ सिकंदऱ्याला, अकबराची कबर आहे तिथे, मिशनऱ्यांचा अनाथाश्रम होता. तिथे 1867 मध्ये एक ‘लांडग्याचा मुलगा’ आणला गेला. शनिवारी आला म्हणून नाव पडलं सनीचर. तो 1895 पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत बोलला नाही. 1872 मध्ये तिथे दुसरा तसाच मुलगा आला. भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांच्या 1880 च्या पुस्तकात त्या दोघांबद्दल आलं आहे. दोघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम जडलं. आणि धाकट्याला पेल्यातून पाणी प्यायला पहिल्यांदा शिकवलं ते पाद्र्यांनी नाही, या मोठ्यानं. धाकटा काही महिन्यांतच वारला.

ज्याला काही शिकवता येत नाही असं सगळे म्हणत होते, त्यानं शिकवलं!

2012 मध्ये डेमियन मिल्टन या इंग्रज अभ्यासकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक साधी गोष्ट मांडली: न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मला तुमचं कळत नाही तितकंच तुम्हालाही माझं कळत नाही. 2020 मध्ये एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. कानगोष्टींच्या खेळासारखी एक गोष्ट माणसामाणसांतून पुढे पाठवली. ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. सिकंदऱ्याच्या पेल्याचं उत्तर मिळायला असं दीडशे वर्षांजवळ लागलं.

माझाही एक पेला आहे. पुण्यात होस्टेलवर असताना मला फोन करता येत नसे. आवाज आला की शब्द पळून जायचे. माझा खोलीतला सोबती आठवडेच्या आठवडे माझ्याशी बोलला नव्हता, मीही नव्हतो, आणि दोघांचं छान चाललं होतं. एक दिवस त्यानं वहीचं पान फाडून त्यावर तीन वाक्यं लिहिली आणि मला एसटीडी बूथपर्यंत चालत नेलं. “हे वाच आणि ठेव.” मी घरी वाचून दाखवलं आणि फोन ठेवला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, मीपण असंच करतो. त्याच्याकडे कुठल्याही डॉक्टरचा कागद नाही. आजही आम्ही भेटतो तेव्हा दोन तासांत दहा वाक्यं होतात. ‘स्वमग्न’ या शब्दाशी माझं भांडण आहे ते इथे. स्वतःत मग्न माणसाला दुसऱ्याच्या चिठ्ठीची गरज कशी कळेल?

मी फारसा श्रद्धाळू नाही. मागच्या जन्मी लांडगा होतो वगैरे मानत नाही, आणि खऱ्या लांडग्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही हेही मला माहीत आहे. माझी श्रद्धा एवढीच: जे चेहऱ्यावर दिसत नाही ते आत नाहीच, असं कुणाबद्दलही म्हणू नये. माणसाबद्दल नाही आणि जनावराबद्दलही नाही. सुलतानपूरच्या पोराला कुत्र्याचं दुःख झालं होतं हे सिद्ध करता येणार नाही. पण ज्याच्याबरोबर रोज जेवत होतो ते गेलं आणि काहीच वाटलं नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आत्या, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून शेवटचं तुझ्यासाठी. त्या दिवसाचा मला राग नाही. फक्त सांगायचं राहून गेलं होतं, ते आता लिहून सांगतोय, कारण बोलून जमणार नाही. गोधडी अजून माझ्याकडे आहे. दोनदा तिला नवं अस्तर लावून घेतलं, पण वरचं लुगडं तेच आहे. तीनशे बारा ओळी आहेत टाक्यांच्या. पुढच्या वेळी घरी आलीस की दाखवीन.