मोळी, फळी आणि गुडघा

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या रांगांवर वसलेल्या पाटोदा, धारूर, वडवणी या तालुक्यांत कोरडवाहू शेती वर्षभर पुरत नाही. १९५० च्या अखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढले आणि १९७२ च्या दुष्काळानंतर बीडची माणसे मोठ्या संख्येने ऊसतोडीला जाऊ लागली. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी.

या कामात तोडणीपेक्षा भरणी अवघड. जिथे ऊस डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरतात त्या ‘डोकी सेंटर’वर तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून चढावे लागते. हात मोळीला असतात, खाली पाहता येत नाही. पाऊल कुठे पडले ते घोट्याने आणि गुडघ्यानेच ओळखायचे. सांध्यांच्या या जाणिवेची शास्त्रीय मांडणी चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये केली. त्याआधीच स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिश फ्रेंकेल यांनी मज्जारज्जूच्या आजाराने तोल गेलेल्या रुग्णांसाठी नजर ठेवून पाऊल टाकण्याचे व्यायाम बसवले होते.

ओझे घेऊन चढणे आणि सतत उकिडवे बसणे यांनी गुडघ्याची झीज वाढते. मग मांडीचे स्नायू दुबळे होतात, सांध्याची जाणीव मंदावते आणि अर्धे आयुष्य फळी चढलेली बाई घरच्या उंबऱ्याशी अडखळून पडते. बीडमध्ये हे पडणे अधिक धोक्याचे आहे. ऊसतोड महिलांची गर्भाशये कमी वयात काढली गेल्याच्या तक्रारींवर २०१९ मध्ये शासनाने चौकशी समिती नेमली होती. अशा शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात.

झिजेच्या या संधिवाताला पूर्वी विश्रांती हाच मुख्य उपाय सांगत. १९९७ मध्ये अमेरिकेतील ४३९ गुडघेदुखीच्या रुग्णांवरील चाचणीत चालण्याने आणि स्नायूंच्या व्यायामाने वेदना कमी झाल्या, हालचाल सुधारली. पुढे या व्यायामांना तोलाच्या व्यायामांची जोड मिळाली. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावत सरळ रेषेत चालणे, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे: यांना साधने लागत नाहीत. हे शिकवायला जिल्ह्यातच अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण हंगामाचे महिने उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढणाऱ्यांना हे व्यायाम शिकवायला पावसाळ्यातला गावचा मुक्कामच हाती उरतो. सांधा सुजून गरम झाला असेल, तर तेवढे दिवस हे व्यायाम थांबवायचे असतात.