मेसचं बिल आणि पडलेलं सरकार

परवा धाकट्या भावाला म्हटलं, मतदार यादीत नाव घाल. तो पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. म्हणाला, "दादा, मेसचे पैसे वाढले, खोलीचं भाडं वाढलं, भरतीची जाहिरात निघत नाही. आणि निवडून कोणीही येवो, सगळे सारखेच." मला लगेच उत्तर सुचलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मित्रांनो, मेसच्या बिलावरून एक सरकार पडलं होतं. डिसेंबर १९७३, अहमदाबादचं एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेज. होस्टेलच्या जेवणाचं बिल २० टक्क्यांनी वाढलं आणि पोरं भडकली. धान्य, तेल आधीच महागलं होतं, त्यामुळे सामान्य माणसंही त्यांच्यामागे उभी राहिली. हेच नवनिर्माण आंदोलन. गोळीबारात कित्येक जीव गेले. ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभाही बरखास्त झाली.

पुढचं ऐका. जून १९७५ मध्ये निवडणूक झाली, जनता मोर्चाचे बाबूभाई पटेल मुख्यमंत्री झाले. पण बहुमत नव्हतं. मग पाठिंबा कुणाचा घेतला? चिमणभाईंच्याच नव्या पक्षाचा! १९९० मध्ये तर चिमणभाई पुन्हा मुख्यमंत्री झाले.

म्हणजे भावाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. रस्त्यावर उतरलेल्या कित्येक पोरांना मतच नव्हतं. सरकार पाडताना ती पुढे होती, नवं सरकार निवडताना यादीबाहेर.

१९८९ मध्ये ६१व्या घटनादुरुस्तीने हे वय १८ वर आलं. २०२४ च्या लोकसभेला १८-१९ वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार नोंदलेले होते. आकडा मोठा वाटतो, पण त्या वयाच्या निम्म्या पोरांचीही नोंद झालेली नव्हती. तेव्हा कायद्याने बाहेर ठेवलं होतं, आता आपणच बाहेर राहतोय.

काल भावाला फोन करून एवढंच सांगितलं: मत दिलंस म्हणून मेसचं बिल उद्या कमी होणार नाही. पण ज्याचं यादीत नावच नाही, त्याच्या बिलाची फिकीर कुठला उमेदवार कशाला करेल?

"बघतो," म्हणाला. फॉर्म अजून भरलेला नाही. तुमच्या घरी काय परिस्थिती आहे?