खाणवसाहतीची प्रतिकृती

खाण चालवणाऱ्या कंपनीनेच कामगारांसाठी उभारलेल्या आणि घरापासून दुकानापर्यंत तिच्याच ताब्यात राहिलेल्या वस्तीला खाणवसाहत म्हणतात. अशा ऐतिहासिक वस्तीचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून तिची प्रमाणबद्ध प्रतिकृती करवून घेण्याच्या पद्धतीचा येथे विचार केला आहे. हिंगोली जिल्ह्याचा (स्थापना १९९९) बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यात कोळशाच्या खाणी नाहीत, त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला ही वस्ती सहसा पाहून नव्हे, तर करून समजून घ्यावी लागते. मात्र हिंगोली १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होती, त्याच राज्यातील येल्लंदू व कोथागुडेम ही गावे सिंगरेणी कोळसाखाणींमुळे वाढली. या खाणींसाठीची कंपनी १८८६ मध्ये स्थापन झाली व १९२० मध्ये तिला सिंगरेणी कॉलियरीज हे नाव मिळाले. विदर्भात वरोऱ्याची कोळसाखाण १९०६ मध्ये बंद पडली, तर मनसर, कांद्री व चिखला येथील मँगनीजच्या खाणी आजही चालू आहेत.

प्रतिकृतीसाठी १:५०० हे प्रमाण सोयीचे असते, कारण त्यात दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा एक थर म्हणजे जमिनीचा एक मीटर चढ होतो. तीन मीटरची खोली या प्रमाणात सहा मिलिमीटरची, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याहून फारशी मोठी उरत नाही, तर वीस मीटर रुंदीचा साहेबाचा बंगला चार सेंटिमीटर भरतो. हा फरक कातरीने कापताना जितका ठसतो, तितका तक्त्यातून क्वचितच ठसतो. विहिरी, हजेरीची जागा आणि रेल्वेची साइडिंग, म्हणजे माल भरण्यासाठी काढलेला फाटा, नकाशावरून नेमक्या जागी बसवाव्यात. थर्माकोलची झाडे नंतर लावली तरी चालतात.