सूची पाहण्याची विद्या: वर्धा योजनेतील एक दुर्लक्षित कलम

वर्धा शिक्षण योजना म्हटली की डोळ्यांसमोर टकळी उभी राहते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तिने डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये समितीचा अहवाल तयार झाला. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास ही त्या अहवालाची सर्वांना ठाऊक असलेली सूत्रे. मुलांच्या सूतकताईतून शाळेचा खर्च निघेल की नाही, या वादावर त्या काळी भरपूर शाई खर्ची पडली. त्या गदारोळात अहवालातील एका साध्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सात वर्षांच्या शिक्षणानंतर मातृभाषेत मुलाला काय काय यावे, याची यादी समितीने दिली आहे. मोकळेपणाने बोलता यावे, वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचून समजावे, गावातील सभेचा वृत्तान्त लिहिता यावा, अशा अपेक्षा तिच्यात आहेत. त्यांच्याच पंगतीत आणखी एक अपेक्षा आहे. मुलाला पुस्तकाची अनुक्रमणिका आणि सूची वापरता यावी, शब्दकोश व संदर्भग्रंथ पाहता यावेत आणि माहितीसाठी तसेच आनंदासाठी ग्रंथालयाचा उपयोग करता यावा, अशी ती अपेक्षा. ज्या काळात खेड्यातील मुलाला स्वतःचे एक पुस्तक मिळण्याची मारामार होती, त्या काळात हे कलम लिहिले गेले, हे विशेष म्हणावे लागेल.

आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ ने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे बंधन घातले. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येतात. प्राणी, ग्रह, किल्ले, शोध यांवरील सचित्र पुस्तकांनी शहरांतील दुकाने भरलेली असतात. पण माहितीचे पुस्तक हाती आले की मूल ते गोष्टीच्या पुस्तकाप्रमाणे पहिल्या पानापासून वाचू लागते. हवे ते दहाव्या पानापर्यंत आले नाही की कंटाळून ठेवून देते आणि "पुस्तकात नाही" असे सांगून मोकळे होते. पुष्कळदा ते पुस्तकात असते. वाट ठाऊक नसते इतकेच. प्रश्नांची उत्तरे पाठाखालीच किंवा गाईडमध्ये क्रमाने मिळण्याची सवय लागली, की ही वाट शोधण्याची गरजच उरत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

पुढचे पान आणि मागचे पान

माहितीच्या पुस्तकाला दोन दारे असतात. पुढच्या दारी अनुक्रमणिका, मागच्या दारी सूची. अनुक्रमणिका लेखकाचा क्रम सांगते: आधी काय, नंतर काय, कोणते प्रकरण कोणत्या पानावर. सूची वाचकाच्या प्रश्नासाठी असते. तिच्यात विषय, व्यक्ती आणि स्थळे अकारविल्ह्याने लावलेली असतात आणि प्रत्येकापुढे ती ज्या ज्या पानांवर आली असतील ते आकडे असतात. 'कापूस' हा शब्द पिकांच्या प्रकरणात, कापडाच्या प्रकरणात आणि किडींच्या प्रकरणातही येऊ शकतो. अनुक्रमणिकेत तो एकदाही दिसणार नाही. सूचीत तिन्ही ठिकाणचे पत्ते एका ओळीत मिळतील.

वर्धा जिल्ह्यातील मुलासमोर येथे एक जास्तीची अडचण आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांतील पुस्तके या भागात सहज वाचली जातात, पण दोन्हींचे शब्द सारखे दिसूनही काम वेगळे करतात. हिंदी पुस्तकाच्या आरंभी 'विषय-सूची' असते आणि ती आपली अनुक्रमणिका होय. उलट हिंदीत 'अनुक्रमणिका' हा शब्द अनेकदा पुस्तकाच्या शेवटच्या अकारविल्हे यादीसाठी योजतात. त्यात भर म्हणजे मराठी भूगोलात नकाशाच्या कोपऱ्यातील चिन्हांच्या खुलाशालाही 'सूची' असेच नाव आहे. तेव्हा शिक्षकाने "सूची पाहा" एवढेच म्हटले, तर मुलाने नेमके कोठे पाहावे, हा प्रश्न उरतोच. 'मागची सूची' आणि 'नकाशाची सूची' असे म्हटले तरी निम्मा घोटाळा मिटतो.

मराठीत सूचीची परंपरा नाही असे मात्र नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ विभागांपैकी एक विभाग केवळ सूचीसाठी खर्ची घातलेला आहे. मोठ्यांच्या कोशाला मिळालेला हा मान मुलांच्या पुस्तकांच्या वाट्याला क्वचितच आला. मराठी बालवाङ्मयातील माहितीपर पुस्तके चाळली तर अनुक्रमणिका बहुधा सापडते, सूची मात्र अभावानेच. चार पाने वाचवण्यासाठी प्रकाशक जे पहिल्यांदा गाळतो ते हेच.

'वर्धा' कोणत्या अक्षराखाली?

सूची असली तरी तिच्यात शोधायचे काय, हे ठरवावे लागते. 'वर्धा' हेच उदाहरण घ्या. वर्धा ही नदी आहे, शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही आहे. चांगल्या सूचीत त्यांच्या नोंदी वेगळ्या असतात. 'व' खाली नदी सापडेल. पण त्याच नदीवरील अमरावती जिल्ह्यातील मोठे धरण 'ऊर्ध्व वर्धा' म्हणून 'ऊ' खाली, किंवा 'अप्पर वर्धा' म्हणून 'अ' खाली असेल. आर्वी तालुक्यातील 'निम्न वर्धा' प्रकल्प 'न' खाली जाईल. वर्धा शिक्षण योजनेची तर आणखीच गंमत आहे. कोणी तिला 'नई तालीम' म्हणतो, कोणी 'बुनियादी शिक्षण', कोणी 'मूलोद्योग शिक्षण'. एकाच विषयाला चार नावे असली की मुलाने चार दारे ठोठावायला हवीत. पहिल्या दारी उत्तर आले नाही म्हणून परतायचे नाही, ही यातील खरी शिकवण.

व्यक्तींच्या बाबतीत आडनाव आधी येते. विनोबा 'भ' खाली भावे म्हणून, जमनालाल 'ब' खाली बजाज म्हणून आणि गांधीजी 'ग' खाली भेटतात. संतांना आडनाव लावण्याची पद्धत नसल्याने तुकाराम 'त' खालीच राहतात. कोशातील नोंदीच्या शेवटी 'पहा' असे लिहून दुसऱ्या नोंदीचे नाव दिलेले असते. तो लेखकाने ठेवलेला मार्गदर्शक दगड होय. मराठी विश्वकोशात असे 'पहा' जागोजागी आढळतात. एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जाण्याची गोडी लागलेल्या मुलाला पुढे ओढून न्यावे लागत नाही.

ळ, क्ष आणि अनुस्वार

सूची पाहण्यासाठी वर्णमालेचा क्रम पाठ असणे पुरेसे नाही, तो वापरता आला पाहिजे. पहिलीत म्हटलेली मुळाक्षरे आणि बाराखडी पुढच्या वर्गांत कोणी विचारत नाही. त्यामुळे 'ध' आधी की 'प' आधी, हे सांगण्यासाठी सातवीतील मुलाला क, ख, ग पासून पुटपुटत यावे लागते. पुढची पायरी दुसऱ्या अक्षराची. 'कापूस' आणि 'किडा' दोन्ही 'क' खालीच असले तरी 'का' आधी आणि 'कि' नंतर. म्हणजे बाराखडीचा उपयोग येथे होतो.

त्यातही काही खाचखळगे आहेत. शाळेतील तक्त्यावर ळ, क्ष आणि ज्ञ ही अक्षरे 'ह' च्या पुढे, अगदी शेवटी असतात. परंतु संगणकाने केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली, तर 'ळ' हा 'ल' च्या लगेच नंतर येतो, 'क्ष' हा 'क' च्या जोडाक्षरांत आणि 'ज्ञ' हा 'ज' च्या जोडाक्षरांत जाऊन बसतो. ज्ञानेश्वर कोठे शोधायचे, याचे उत्तर यादी कोणी लावली यावर अवलंबून राहते. अनुस्वाराचेही तसेच. काही कोशांत 'अं' ने सुरू होणारे शब्द 'अ' च्या आधी येतात, तर काहींत अनुस्वाराचा उच्चार ज्या अनुनासिकाचा, त्याच्या जागी ते लावलेले असतात. इंग्रजी माध्यमातील मुलांना देवनागरी आकड्यांची सवय नसल्याने पान ५ आणि पान ६ यांतही गोंधळ होतो. हे सारे दहा मिनिटांत समजावून देता येते. न समजावल्यास मूल सूचीवरच फुली मारते.

शीर्षक, चौकट, चित्र, नकाशा

योग्य पान सापडल्यानंतर संपूर्ण पान वाचण्याचीही गरज नसते. आधी शीर्षके व उपशीर्षके पाहावीत आणि आपला प्रश्न कोणत्या उपशीर्षकाखाली बसतो ते ठरवावे. ठळक अक्षरांतील शब्द बहुधा पारिभाषिक असतो व त्याचा अर्थ तेथेच किंवा पुस्तकाच्या शेवटी मिळतो. भूगोलाच्या काही पाठ्यपुस्तकांच्या अखेरीस भौगोलिक संज्ञांचे अर्थ दिलेले आहेत. परीक्षेत त्यावर प्रश्न नसल्याने ती पाने कोरीच राहतात, ही गोष्ट वेगळी.

बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा', 'माहीत आहे का तुम्हांला?' अशी ठरलेली शीर्षके सर्वत्र येतात. ती केवळ सजावट नव्हे. 'करून पहा' खाली कृती असते, तर 'माहीत आहे का तुम्हांला?' च्या चौकटीत मुख्य मजकुराबाहेरची जास्तीची माहिती असते. हा संकेत एकदा उमगला की कोणत्या चौकटीत आपले काम नाही, हेही कळते.

चित्राखालची ओळ हा सर्वांत दुर्लक्षित भाग. मूल चित्र पाहते आणि ओळ सोडून देते. वास्तविक चित्रातील पान खऱ्या आकाराचे की दहापट मोठे, छायाचित्र कोठले, कापलेल्या बोंडाचा कोणता भाग दाखवला आहे, हे ती ओळच सांगते. नकाशाचेही असेच. वर्धा शहर वर्धा नदीच्या काठी आहे, असा अनेकांचा समज असतो. नकाशा नीट पाहिला तर नदी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते, तिच्याकाठी पुलगाव आहे आणि विनोबांचा पवनार आश्रम धाम नदीवर आहे, हे दिसते. नकाशाचे प्रमाण एक सेंटिमीटरला दहा किलोमीटर असेल, तर शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेवाग्राम एक सेंटिमीटरच्या आत येते. ज्याने पट्टी लावून हे पाहिले, त्याला प्रमाणाची व्याख्या घोकावी लागत नाही.

छपाईचे साल पाहिले का?

मुखपृष्ठ उलटल्यावर येणारे बारीक अक्षरांतील पान कोणीच वाचत नाही. त्यावर पहिल्या आवृत्तीचे व पुनर्मुद्रणाचे साल असते आणि माहितीच्या पुस्तकात ते फार मोलाचे आहे. २०१४ पूर्वीच्या पुस्तकात बोर हे केवळ अभयारण्य असेल. त्या वर्षी त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी पालघर जिल्हा झाल्याने महाराष्ट्रातील जिल्हे ३५ चे ३६ झाले. २००६ पूर्वीच्या पुस्तकात ग्रह नऊ असतील. ही पुस्तके खोटी नाहीत, ती त्या त्या सालची आहेत.

कापूस पिकवणाऱ्या घरात हा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या सुमाराचे पुस्तक हे वाण बोंडअळीला दाद देत नाही, असे सांगेल. २०१७ च्या हंगामात मात्र गुलाबी बोंडअळीने विदर्भातील बीटी कापूसच पोखरला. समजा, हिंगणघाट किंवा देवळीकडील एखादी मुलगी घरी ऐकलेल्या या अळीची माहिती शाळेतील पुस्तकात शोधू लागली. सूचीत 'गुलाबी बोंडअळी' ही नोंद 'ग' खाली नसेल, कारण अनेक कृषीविषयक पुस्तकांत तिचे नाव 'शेंदरी बोंडअळी' असे आहे. 'श' खाली नसेल तर 'बोंडअळी' म्हणून 'ब' खाली पाहावे लागेल. पान सापडल्यावर चित्राखालची ओळ वाचून ही तीच अळी आहे याची खात्री करावी लागेल आणि शेवटी छपाईचे साल पाहून, त्यातील उपाय आजही लागू आहे की नाही हे कृषी सहायकाला विचारावे लागेल. एवढे करणारी मुलगी वडिलांना उपयोगी पडेल असे काही घेऊन घरी परतेल.

प्रश्न आधी, पुस्तक नंतर

नई तालीमची मूळ कल्पना हीच होती की, आधी काम, कामातून प्रश्न आणि प्रश्नासाठी पुस्तक. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात नई तालीम समितीने २००५ पासून आनंद निकेतन विद्यालय चालवले असून तेथे शेती, स्वयंपाक, सूतकताई ही कामे अभ्यासाचाच भाग मानली जातात. ज्या मुलाने स्वतः लावलेल्या रोपाची पाने पिवळी पडताना पाहिली, त्याला सूची उघडण्यास वेगळे कारण द्यावे लागत नाही.

ज्या शाळांत शेत नाही, तेथे एक स्वस्त उपाय करता येण्याजोगा आहे. पाठ्यपुस्तकांना सूची नसते, तेव्हा ती मुलांनीच तयार करावी. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक २०१४ च्या अभ्यासक्रमात बालभारतीने जिल्हानिहाय काढले होते. वर्धा जिल्ह्याची अशी आवृत्ती चार-चार मुलांच्या गटांना वाटून द्यावी आणि प्रत्येक गटाने आपल्या वाट्याच्या पानांतील नद्या, गावे, पिके, व्यक्ती चिठ्ठ्यांवर पान क्रमांकासह लिहाव्यात. मग सर्व चिठ्ठ्या जमिनीवर पसरून अकारविल्ह्याने लावायच्या. 'धाम नदी' ची चिठ्ठी 'ध' खाली ठेवायची की 'नदी, धाम' म्हणून 'न' खाली, यावर वाद होईल, आवाज वाढेल आणि शिक्षकाला मध्ये पडावे लागेल. ज्या गटाला दोन्हीकडे एक-एक चिठ्ठी ठेवून दुसरीवर 'पहा' लिहिण्याची युक्ती सुचेल, त्याची सूची वर्गाच्या भिंतीवर लावण्यास हरकत नाही.