स्वस्त घर आणि प्रवासाचे मोल : डोंबिवलीचा दाखला

मुंबई नगरीच्या वाढीचा इतिहास बहुधा बंदर, गिरण्या आणि बाजारपेठा यांच्या आधारे मांडला जातो. जेथे संपत्ती निर्माण झाली त्या स्थळांकडे अभ्यासकाचे लक्ष जावे हे स्वाभाविकच होय. परंतु ज्यांचे श्रम त्या निर्मितीत खर्ची पडले ते लोक रात्री कोठे परतत होते, तेथील घर त्यांना काय किमतीस पडले आणि ती किंमत नेमकी कोणी चुकती केली, या प्रश्नांचा विचार तुलनेने कमी झाला आहे. प्रस्तुत लेखात डोंबिवलीच्या उदाहरणावरून या प्रश्नांचा परामर्श घ्यावयाचा आहे. डोंबिवली मुंबईच्या मध्य रेल्वेवरील अंतिम स्थानकापासून सुमारे ४८ किलोमीटर दूर आहे. तथापि तेथील नोकरदार कुटुंबाच्या दिवसाची आखणी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतील कचेरीच्या घड्याळावर होत आली आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. डोंबिवलीचे स्थानक १८८७ साली झाले. परंतु एवढ्यावरून रेल्वेने उपनगर निर्माण केले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हा मार्ग घाटावरचा कापूस व इतर माल बंदरापर्यंत आणण्याच्या दृष्टीने आखला होता. वाटेवरील आगरी शेतकऱ्यांची भातखाचरे त्याच्या हिशेबात नव्हती. १९१६ साली पारसिकचा बोगदा खुला झाला, १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली आणि त्याच दशकात कल्याणपर्यंतच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले. ठाकुर्लीजवळ चोळा येथे रेल्वेचे स्वतंत्र विद्युतगृहही उभे राहिले. म्हणजे जलद प्रवासाची साधने डोंबिवलीच्या दाराशी आली होती. तरीही गावाचे रूप पुढे बराच काळ गावाचेच राहिले. रेल्वे ही उपनगराची आवश्यक अट होती, पुरेशी अट नव्हे.

दुसरे कारण मुंबईतील घरांच्या प्रश्नात सापडते. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीचा धोका सरकारच्या ध्यानी आला व १८९८ साली नगरसुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरांची टंचाई तीव्र झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाण मानले. भाडेकरूला संरक्षण देण्याचा या कायद्याचा हेतू रास्तच होता व ते संरक्षण लक्षावधी कुटुंबांना मिळालेही. परंतु त्याचबरोबर भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकास स्वारस्य उरले नाही, आणि पागडीची प्रथा बळावली. परिणामी गिरगावात वा दादरला ज्याची खोली होती त्याला ती अल्प भाड्यात राखता आली. ज्याची नव्हती त्याला ती दुर्लभ झाली. ही विभागणी पुष्कळदा एकाच कुटुंबात पडली. थोरला भाऊ आईवडिलांसह चाळीतील खोलीत राहिला आणि धाकट्याने लग्नानंतर डोंबिवलीची वाट धरली.

१९६० चा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ चा मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा यांनी या स्थलांतरास कायदेशीर चौकट दिली. भाडेकरूचा मुलगा ‘मालकीच्या जागेचा’ धनी झाला, ही मध्यमवर्गाच्या जीवनातील सामान्य घटना नव्हती. मात्र इमारती आधी व नागरी सोयी मागाहून, असा क्रम बव्हंशी राहिला. डोंबिवलीचा समावेश असलेली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली, तोपर्यंत रस्ते, गटारे व पाणी यांची व्यवस्था वस्तीच्या पुष्कळच मागे पडली होती.

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येईल. डोंबिवलीचे घर स्वस्त का होते? जमीन दूर होती म्हणून. या दूरत्वाचे मोल पैशांत फारसे द्यावे लागले नाही, कारण उपनगरी रेल्वेचा मासिक पास अल्प उत्पन्नाच्या माणसासही परवडणारा राहिला. ते मोल वेळात द्यावे लागले. घरापासून कचेरीपर्यंत जाण्यायेण्यास दिवसाकाठी तीन तास धरले व वर्षाचे कामाचे दिवस २८० मानले, तर वर्षास ८४० तास होतात. म्हणजे आठ तासांचे १०५ दिवस. तीस वर्षांच्या नोकरीत ही बेरीज २५,२०० तासांवर, अर्थात अहोरात्र मोजलेल्या जवळजवळ तीन वर्षांवर जाते. हा केवळ ढोबळ हिशेब असला, तरी घराच्या खरेदीखतात या तीन वर्षांची नोंद कोठेही नसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मालकाला स्वस्तात नोकर मिळाला व शहराला स्वस्तात मनुष्यबळ लाभले. फरकाची रक्कम प्रवाशाने आपल्या आयुष्यातून भरली.

हा खर्च सुसह्य करण्यासाठी प्रवाशांनी जी व्यवस्था उभारली ती सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ देण्याचा अलिखित नियम, ठरलेल्या गाडीचा ठरलेला डबा, टाळांच्या साथीने चालणारी भजने, दसऱ्यास डब्याला बांधलेले तोरण ही सर्व एका समाजाची लक्षणे होत. बसावयास जागा मिळावी म्हणून उलट दिशेने येणाऱ्या गाडीत आधीच्या स्थानकावर चढून येण्याची युक्तीही याच व्यवस्थेचा भाग होय. मात्र या स्नेहाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. ठरलेल्या गटाची जागा नवख्याला सहज मिळत नाही, आणि दिव्याच्या किंवा मुंब्र्याच्या प्रवाशास भरून आलेल्या गाडीच्या दारातच उभे राहावे लागते.

स्त्रियांच्या वाट्यास हा भार दुप्पट आला. चाळीत शेजारीण व सासर-माहेर जवळ असे. उपनगरातील विभक्त कुटुंबात तो आधार तुटला. नोकरी करणाऱ्या गृहिणीस पहाटे डबे करून गाडी गाठावी लागे व परतताना डब्यातच भाजी निवडावी लागे. १९९२ साली कल्याणहून केवळ महिलांसाठी गाडी सुरू झाली, ती या वाढत्या संख्येची पावतीच होय. पोळीभाजी केंद्रे व पाळणाघरे डोंबिवलीत गल्लोगल्ली निघाली त्यांचे मूळही येथेच आहे. गाडीने घेतलेला वेळ घरकामातून वजा झाला, आणि ते काम दुसऱ्या, बहुधा अधिक गरीब, स्त्रीच्या हाती गेले.

अशा गावास ‘झोपण्यापुरते गाव’ म्हणण्याचा प्रघात आहे. डोंबिवलीच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. शं. ना. नवरे व पु. भा. भावे यांच्यासारख्या लेखकांचे येथे वास्तव्य होते. गणेश मंदिराच्या पुढाकाराने १९९९ साली सुरू झालेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचे अनुकरण इतर शहरांनी केले. २०१७ साली नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. किंबहुना, गिरगाव-दादरची संस्था उभारण्याची सवय येथे आलेल्या लोकांनी सोबत आणली होती, असे म्हणता येईल.

परंतु सांस्कृतिक समृद्धीने नागरी विषमता झाकली जात नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई बेट अखंड उजळत असता डोंबिवलीत दररोज काही तास वीज बंद राही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाड्या थांबल्या तेव्हा अनेकांनी रुळांवरून पायी घर गाठले. २०१६ व २०२४ सालच्या मे महिन्यांत औद्योगिक वसाहतीतील स्फोटांनी भोवतालची वस्ती हादरली. ठाणे ते दिवा या दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका २०२२ साली खुली झाली. तरी ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून प्रवासी खाली पडून चौघांचा त्याच दिवशी अंत झाला. उपनगरवासी ज्या महानगरात जागेपणीचा बहुतेक काळ घालवतो, तेथे त्यास मत नसते. जेथे मत असते, तेथील कारभार पाहण्यास त्याच्यापाशी वेळ नसतो. त्याच्या अडचणींची दाद लवकर लागत नाही याचे एक कारण या विभागणीत आहे.

आता डोंबिवली स्वतःच महाग झाली असून नवविवाहित जोडपी बदलापूर, टिटवाळा, वांगणी अशी पुढे सरकत आहेत. एका पिढीपूर्वी गिरगावच्या घरात जे घडले तेच डोंबिवलीच्या घरात घडते आहे, केवळ अंतर वाढले आहे. ‘परवडणारे घर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ लावताना म्हणूनच घराच्या किमतीत प्रवासाचे तास, त्यातील धोका आणि घरातील स्त्रीचे श्रम मिळविले पाहिजेत. ही बेरीज केली असता स्वस्त उपनगर स्वस्त राहत नाही. त्याची किंमत हप्त्याहप्त्याने व दुसऱ्याच चलनात फेडली जाते, एवढेच दिसून येते.