हसत-खेळत लढाई : विनोदी युद्धखेळांची ओळख

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, बुरुजांवर मावळे मांडले जातात आणि टिकल्यांचे पिस्तूल हाती आलेला मुलगा त्याच किल्ल्याआडून भावंडांवर 'गोळ्या' झाडू लागतो. त्यात जो 'मेला' तोच फराळाला सर्वांच्या आधी हजर असतो. लढाईचा थरार हवा, पण तिचे दुःख नको, ही इच्छा जुनीच आहे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर तिला मिळालेले एक रूप म्हणजे हलकाफुलका युद्धखेळ.

छत्रपती संभाजीनगरात या खेळांचा विचार करताना एक संदर्भ आपोआप सोबत येतो. शहराला लष्कराची छावणी आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी मुलांची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही १९७७ पासून येथेच आहे. खऱ्या वर्दीसाठी घाम गाळणारी मुले आणि पडद्यावर वर्दी चढवून हसणारी मुले एकाच शहरात वाढतात. म्हणूनच असा खेळ काय दाखवतो आणि काय झाकतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

प्रकार कोणता?

खेळाडूला जेथे पात्राच्या डोळ्यांनी जग दिसते, पडद्याच्या खालच्या भागात केवळ हात आणि बंदूक दिसते, त्या खेळाला 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. १९९२ मधील 'वोल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १९९३ मधील 'डूम' यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. पुढे त्यातून लष्करी शाखा फुटली. अमेरिकी लष्कराने तर तरुणांना भरतीकडे आकृष्ट करण्यासाठी २००२ मध्ये 'अमेरिकाज आर्मी' हा स्वतःचा खेळच आणला. तो २०२२ मध्ये बंद झाला. अशा खेळांत शिस्त, शौर्य आणि देशकार्य यांचा सूर गंभीर असतो. त्याच मैदानात उभे राहून त्या गांभीर्याची फिरकी घेणारे खेळ म्हणजे विनोदी युद्धखेळ.

'बॅड कंपनी'चे चौघे

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे 'बॅटलफील्ड : बॅड कंपनी'. स्वीडनमधील डाइस या स्टुडिओने तयार केलेला हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने जून २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांसाठी प्रकाशित केला. कथा अमेरिकी सैन्यातील एका बदनाम तुकडीची. इतरत्र नकोसे झालेले जवान या 'बी कंपनी'त धाडले जातात आणि हल्ल्याच्या वेळी त्यांनाच सर्वांत पुढे ढकलले जाते.

प्रेस्टन मार्लो हा नवखा जवान म्हणजे स्वतः खेळाडू. सोबत स्फोटांचा षौकी हॅगार्ड, अखंड बडबडणारा स्वीटवॉटर आणि निवृत्तीला अवघे काही दिवस उरलेला सार्जंट रेडफर्ड. भाडोत्री सैनिकांना मोबदला सोन्याच्या विटांत मिळतो, हे या चौघांना कळते आणि युद्ध बाजूला राहून सोन्याचा पाठलाग सुरू होतो. विटांच्या मागे धावता धावता हॅगार्ड एका तटस्थ देशाची सीमा ओलांडतो आणि लष्कराची पंचाईत होते.

येथे हशा पिकतो तो वरिष्ठांच्या ढोंगावर आणि जवानांच्या लोभावर. गोळी लागून पडणाऱ्या माणसाची थट्टा हा या कथेचा विषय नाही. ज्यांचे प्राण सेनेच्या लेखी स्वस्त आहेत, अशांनी सेनेकडे पाठ फिरवून स्वतःचा विचार करावा, हा त्या विनोदाचा कडवट गाभा आहे. वरवर पोरकट वाटणाऱ्या या खेळाला वजन येते ते त्यामुळेच.

खेळतात कसे?

डाव्या अंगठ्याने चालायचे, उजव्या अंगठ्याने नजर फिरवायची आणि तर्जनीखालचा खटका दाबून गोळी झाडायची. घरांच्या भिंती हातबॉम्बने उडवता येतात. त्यामुळे दार शोधत बसण्याऐवजी भिंतच पाडून आत शिरणे ही येथील नेहमीची युक्ती. जखमी झाल्यास खेळाडू स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतो आणि पुन्हा ठणठणीत होतो. 'मेला' तर थोड्या मागच्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो. मात्र आधी पाडलेल्या भिंती पडलेल्याच असतात आणि टिपलेले शत्रूही परत येत नाहीत. मरणाची किंमत त्यामुळे जवळजवळ शून्यावर येते.

अनेकांनी मिळून खेळण्याच्या 'गोल्ड रश' प्रकारात २४ जणांपर्यंत खेळाडू दोन गटांत विभागले जात. एका गटाने सोन्याच्या पेट्या फोडायच्या, दुसऱ्याने त्या राखायच्या. २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात चौघे तेच राहिले, पण कथेचा सूर बराच गंभीर झाला.

हलकेपणाचे तीन मार्ग

युद्धखेळ हलका करण्याचे साधारण तीन मार्ग आहेत. पहिला कथेचा, तो 'बॅड कंपनी'त दिसतो. दुसरा चित्रांचा. व्हॉल्व्ह कंपनीच्या २००७ मधील 'टीम फोर्ट्रेस २' या खेळातील नऊ पात्रे व्यंगचित्रातून उतरल्यासारखी आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकी जाहिरातचित्रांवरून त्यांची शैली बेतली असून, केवळ बाह्याकृतीवरून दुरूनही पात्र ओळखता यावे, अशी त्यांची रचना आहे. तिसरा मार्ग नियमांचा : छोटे डाव, क्षणात पुनर्जन्म आणि हरल्यावर लगेच नवी फेरी.

येथेच पालकांची फसगत होते. चित्रे गमतीची म्हणजे खेळ लहानांचा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने 'बॅड कंपनी'ला १३ वर्षांवरील मुलांसाठीचे मानांकन दिले, तर व्यंगचित्रांसारख्या दिसणाऱ्या 'टीम फोर्ट्रेस २'ला १७ वर्षांवरील. रक्तपाताची दृश्ये हे त्यामागील कारण. चित्राची शैली आणि आशयाची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडील वाटचाल

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, राज्यातील इतर शहरांप्रमाणे तेव्हाच्या औरंगाबादेतही या खेळांची ओळख बहुतेकांना सायबर कॅफेतील संगणकांवर आणि मित्राकडून आणलेल्या सीडीतून झाली. 'काउंटर स्ट्राइक' आणि 'प्रोजेक्ट आयजीआय' ही नावे त्या पिढीला पाठ आहेत. दोन्ही खेळ मुळात गंभीर, पण 'काउंटर स्ट्राइक'मध्ये शेजारच्या खुर्चीवरील मित्राला टिपल्यावर उसळणारा हशा त्याला आपोआप हलके करी.

स्मार्टफोन आल्यावर तोच हशा वसतिगृहाच्या खोलीत पोहोचला. चित्रविचित्र बुटक्या सैनिकांचा 'मिनी मिलिशिया' बाजूने दिसणारा, म्हणजे प्रथमपुरुषी नसलेला खेळ. परंतु इंटरनेटशिवाय, एकाच वाय-फाय जोडणीवर मित्रांना एकत्र खेळता येत असल्याने तो महाविद्यालयीन मुलांत विलक्षण लोकप्रिय झाला.

निर्मितीच्या आघाडीवर पुण्याचे नाव घ्यावे लागते. तेथील सुपरगेमिंग या कंपनीने 'मास्कगन' हा मोबाइलवरील प्रथमपुरुषी नेमबाजीचा खेळ चालवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा मोठा खेळ बाजारात आणला. बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने २६ जानेवारी २०२१ रोजी आणलेल्या 'फौजी'चा सूर मात्र वेगळा होता. गलवान खोऱ्याची पार्श्वभूमी असलेल्या त्या खेळात थट्टेला जागा नव्हती. ज्या संघर्षात आपले जवान आदल्याच वर्षी हुतात्मा झाले, त्याकडे आपला समाज विनोदाने पाहू शकत नाही. 'बॅड कंपनी'ने आपल्या चौघांना काल्पनिक देशात नेले, ते सोयीचे ठरले ते याचसाठी.

पालकांनी काय पाहावे?

खेळ मोबाइलवर घेण्यापूर्वी अॅप दुकानात दिलेला वयोगट वाचावा. अनोळखी व्यक्तींशी आवाजी संभाषण सुरू राहते का, हे तपासावे. पोशाख आणि बंदुकांचे रंग विकत घेण्याच्या सोयीवर पासवर्डचे कुलूप लावावे. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. परंतु खेळातील अशी सजावट विकत घेणे ही पैज नव्हे. तिच्यावर लक्ष घरानेच ठेवायचे आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल कशावर हसते आहे, हे एकदा शेजारी बसून पाहावे. ढोंगी अधिकाऱ्याच्या फजितीवर हसणे आणि पडलेल्या माणसावर हसणे यांत अंतर आहे, आणि ते मुलाला सांगितल्यास कळते.

'बॅड कंपनी'चे दोन्ही भाग एप्रिल २०२३ मध्ये डिजिटल विक्रीतून काढण्यात आले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला त्यांचे ऑनलाइन सर्व्हरही बंद झाले. सोन्याच्या पेट्यांवरून होणाऱ्या लढाया त्या दिवशी थांबल्या. जुने यंत्र आणि तबकडी ज्यांनी जपून ठेवली आहे, त्यांना मात्र चौघांची कथा एकट्याने आजही खेळता येते.